गार होईपर्यंत

लाइट येईपर्यंत बसा इथंच. आणि ते मोबाइल विझवा. माझ्या ओळखीतल्या मोटर वाइंडरची, जळक्या मोटरीत नवी तांब्याची तार भरणाऱ्याची गोष्ट आहे, ऐकीव नाही. त्याच्या दुकानात माझं रोजचं उठणं-बसणं.

रंगाच्या कारखान्यात मिक्सरवर त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. मिक्सर चालायचा ड्राइव्हवर, म्हणजे वेग हवा तसा कमी-जास्त. अशा कामाला मोटर वेगळी लागते, स्वतंत्र पंख्याची. साध्या मोटरीचा पंखा तिच्याच शाफ्टवर, मधल्या फिरत्या दांड्यावर असतो. ती हळू फिरली की पंखाही हळू, आणि मोटर तापते. आमच्या गड्यानं साधीच बसवली आणि वर चांगल्या मोटरीची पाटी ठोकली. कोण बघतंय?

ती तापून सारखी बंद पडायला लागली. मग यानं ड्राइव्हमध्ये करामत केली. गार झाली की आपोआप सुरू. मेहुण्याला सांगायचं मात्र राहिलं. मशीन बंद बघून त्या बिचाऱ्यानं पात्याचा रंग खरवडायला आत हात घातला... पुढचं सांगत नाही, तुमची जेवणं व्हायचीत.

यानं सगळ्यांच्या आधी जाऊन सेटिंग पुसलं. बायकोनं विचारलं तर म्हणाला, "त्यानंच बटण दाबलं. खोटं बोलत असेन तर हात झडतील माझे." चूक मयताची ठरली. त्याच्या बायकोपोरांना कारखान्यानं भरपाई न देता गेटवरूनच परत पाठवलं.

पुढं तीच मोटर जळून दुकानात आली. मंगळवार, अमावास्या. रात्री साडेदहाला हा बेअरिंग बघायला गेला. जळकं तांबं दुपारीच उपसलेलं. टेबलावर पोकळ धूड, आत नुसता रोटर. वायरचं टोकसुद्धा नाही.

शाफ्ट फिरत होता.

हळू. मिक्सरच्या वेगानं.

यानं मेन स्विच पाडला. फिरतोच आहे...

मग थांबला.

हा वाट बघत राहिला. काही नाही. बराच वेळ... काही नाही. स्वतःशीच हसला. बाहीनं घाम पुसला. शाफ्टवर हात ठेवला...

सकाळी शेजारच्या गॅरेजवाल्यानं शटर उचललं. बाही, कातडं, हाड, सगळं शाफ्टला गुंडाळलेलं. वेढ्याला वेढा लागून, मोटरीत तांबं भरतात तसं सुबक. माणूस जिवंत होता.

हात खांद्यातून काढला. शुद्धीवर आला तेव्हा बायको उशाशी. तिनं एवढंच विचारलं, "आता तरी सांगा. बटण त्यानं दाबलं?"

"त्यानंच."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हे. ती बाहेर गेल्यावर माझ्या कानात सगळं खरं ओकला. मी त्याच दिवशी तिला सांगितलं. मैत्री गेली खड्ड्यात.



मोटर अजून टेबलावरच आहे. भंगारवाला शिवत नाही. त्या रात्रीपासून ती तापलेली आहे, तव्यासारखी. ना वायर, ना तांबं. हा समोर बसून उरलेल्या हातानं जमेल ते काम करतो. रोज संध्याकाळी बायको येते, लवकर गार व्हावी म्हणून मोटरीवर ओलं फडकं घालते, आणि हा नुसता बघत राहतो.

काल मी हात लावून पाहिला. कोमट झालीय.