इंजिनातून नाहीसा झालेला तुकडा

"चोरी झाली आहे की नाही, हेच मला ठाऊक नाही," खुर्चीच्या कडेवर टेकत तो तरुण म्हणाला.

मामींनी चष्मा पुसला. खासगी तपासाचं काम करणाऱ्या या बाईंना सगळा परिसर मामीच म्हणे. शेजारी त्यांचे जावईबापू बसले होते. ते मामींना तपासात मदत करत, असं जावईबापूंचं मत होतं.

"बाबा घरीच गाडीचं इंजिन दुरुस्त करत होते. पाण्याच्या नळीचा प्लॅस्टिकचा जोड तापून तापून ठिसूळ झालेला. मोडला, आणि अर्धा इंजिनाच्या भोकातच अडकला. बाबा जेवून जरा आडवे झाले. उठून बघतात तर भोक रिकामं! ते म्हणतात, त्यांच्याच धडपडीनं तुकडा आत गेला. तसंच इंजिन चालवलं तर जळेल. उद्या भंगारवाला गाडी न्यायला येतोय."

"मग नवी घ्या की," जावईबापू म्हणाले.

"आजारपणानंतर त्यांचा उजवा हात थरथरतो. परवा पहिल्यांदा पाना उचलला होता हो त्यांनी. गाडी गेली की पुन्हा उचलायचे नाहीत."

तरुणाच्या घरी वडील उघड्या बॉनेटपाशी स्टुलावर बसून होते. मामींनी भोकाच्या काठावरून बोट फिरवलं. केसासारखा बारीक, काळा, लवचीक तंतू बोटाला लागला.

"कोळ्याचं जाळं," जावईबापूंनी निकाल दिला.

"माझंच चुकलं, बाई," वडील म्हणाले. "हा हात आता कामातून गेला."

शेजारीच धाकट्या काकांचं गॅरेज होतं. दोघा भावांचं बोलणं बंद होतं.

"मी कशाला हात लावू? दादा मला सावलीलाही उभं करत नाही," काका फणकारले. "गाडी विका म्हणून पोरगाच मागे लागला होता, त्याला विचारा."

"असा तुकडा काढतात कसा?" मामींनी विचारलं.

"चिमट्यानं चुरा होतो. पातं तापवून आत रुतवायचं, गार होऊ द्यायचं, मग पिळून ओढायचं. दादानंच शिकवलं, त्यांच्या स्वयंपाकघरात. वहिनी ओरडत होत्या दोघांवर."

घरी स्वयंपाकघरात तरुणाच्या आई पावाच्या लांबलचक सुरीनं सफरचंद सोलत होत्या. खिडक्या सताड उघड्या, तरी करपट वास रेंगाळत होता.

"झाकणाची मूठ जळली," त्या घाईनं म्हणाल्या.

मामींनी मांडणीकडे पाहिलं. झाकणं सगळी जागच्या जागी होती आणि मुठी स्टीलच्या होत्या.

"मुलगाच!" बाहेर येताच जावईबापू कुजबुजले.

"मग तो आपल्याकडे कशाला येईल, जावईबापू?"

मामींनी सगळ्यांना गाडीपाशी बोलावलं. काकाही कुंपणापाशी आले.

"ठिसूळ प्लॅस्टिक मोडलं तर चुरा पडतो, तंतू निघत नाही. तंतू वितळल्यावर निघतो. म्हणजे तुकडा तापल्या पात्यानं बाहेर ओढलाय. काकांना ती रीत येते, पण त्यांच्या गॅरेजमध्ये गॅसची बत्ती हाताशी असताना ते इथल्या गॅसवर पातं तापवणार नाहीत. वास या स्वयंपाकघरात आहे. आणि घरातली छोटी सुरी कुठे गेली, की सफरचंदाला पावाची सुरी लागावी?"

आईंनी पिठाच्या डब्यातून सुरी आणली. टोकावर काळा तुकडा घट्ट चिकटला होता.

"तुम्ही पातं तापवायला गेलात आणि हातातून दोनदा पडलं. मी दाराआडून बघितलं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "भाजून घेतलं असतंत. वाटलं, काढून ठेवते गुपचूप, तुम्हाला वाटेल सैल होऊन पडला. पण मेला सुरीवरून सुटेचना! दाखवला असता तर कळलं असतं, मी केलं म्हणून. मग तुम्ही 'तुकडा आत गेला' म्हणायला लागलात, आणि मला तोंड उघडायची हिंमतच होईना." त्यांना रडू फुटलं.

वडिलांनी सुरी घेतली. उजेडात धरून तुकडा चहूबाजूंनी न्याहाळला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अख्खा निघाला," ते म्हणाले. "माझा जन्मात कधी अख्खा निघाला नाही. दर वेळी निम्मा तुटायचा."

कुंपणापाशी काका खुदकन हसले. "खरंय वहिनी, कायम तुटायचा."

वडिलांनी मान वर करून भावाकडे पाहिलं.

"हसतोस काय? आत ये आणि नवा जोड धर. मी सांगतो कसा बसवायचा."