खाली ठेवू नका

सरका जवळ शेकोटीच्या, आणि ते मोबाइल खिशात घाला आधी. लखींदर पेढेवाला तुम्हाला माहीतच आहे. त्याची गोष्ट आहे ही.

गेल्या मार्गशीर्षातल्या अमावास्येची रात्र. कटोरियाहून खवा घेऊन तो मोटारसायकलवर आपल्या या देवघर गावी परत येत होता. श्रावणात त्या वाटेवर कावडवाल्यांमुळे पाय ठेवायला जागा नसते. पण त्या थंडीत चिटपाखरू नव्हतं.

दुम्मा गावाच्या अलीकडे खव्याचा डबा सैल झाला म्हणून थांबला. दोरी आवळतोय, तोच समोर एक कावडवाला उभा. भगवे कपडे, अनवाणी. कावडीला गंगाजलाच्या दोन पितळी लोट्या.

"बम, जरा धरता का? झाडामागे जाऊन येतो. महादेवाला वाहीपर्यंत खाली ठेवता येत नाही ना." कावडवाले वाटेत भेटेल त्याला 'बम'च म्हणतात.

लखींदरनं कावड खांद्यावर घेतली. पण त्याच्या जिभेला हाड कुठलं! म्हणाला, "जपून हं बम! रावणालाही इथंच लागली होती. लिंग गुराख्याच्या हातात देऊन गेला, अन् महादेव कायमचा आमच्या गावचा झाला!"

तो हसला नाही.

"गुराख्यानं खाली ठेवलं," म्हणाला. "तुम्ही ठेवू नका."

आणि गेला.

लखींदर थांबला. बराच वेळ.

"ए बम!... अहो बम!"



कावड जड होत चालली. रस्त्याकडेला ठेवावी म्हणून तो वाकला. तोच मानेजवळ, अगदी मानेजवळ...

"ठेवू नका."

वळून पाहिलं. रस्ता रिकामा.

गाडी, खवा, सगळं तिथंच टाकून तो चालत सुटला. मागून अनवाणी पावलं. हा थांबला, की तीही थांबत. खांदा बदलायला गेला... कावड एकदम हलकी. मागचं टोक कुणीतरी उचलून धरलं होतं.

त्यानं पाहिलं नाही.

पहाटे बाबा बैद्यनाथाचं दार उघडलं, तेव्हा गाभाऱ्यात पुजारी म्हणून मीच होतो. लखींदर आला. ओठ निळे. दोन्ही लोट्या पिंडीवर ओतल्या. लिंग उचलेना म्हणून चिडलेल्या रावणाच्या अंगठ्यानं दबलेल्या त्या माथ्यावरून पाणी वाहत माझ्या पायांपर्यंत आलं. बर्फासारखं.

"संकल्प कुणाच्या नावानं?" मी विचारलं.

तो लहान मुलासारखा रडायला लागला. "नाव विचारायचंच राहिलं हो, पंडाजी..."

मी त्याच्या हातातून लोट्या घेतल्या. आत पाहिलं.

दोन्हींत कुंभारमाशीची मातीची घरं. जुनी.

पालथ्या केल्या, तर माझ्या तळहातावर भुकटी पडली.

कोरडी.