उजवीकडची गाठ

“ही शिवण कुणाची?” सासऱ्यांनी जेवणाच्या टेबलावर कोट ठेवून विचारलं. त्यांच्या मुलाने तत्परतेने ताटात डोकं खुपसलं. आणीबाणीच्या प्रसंगी त्याला नेहमीच फार भूक लागे.

“तुमचीच, बाबा,” सून म्हणाली.

“माझी गाठ डावीकडे येते. ही उजवीकडे आहे. या घरात डावखुरं कोण आहे?”

तिने डावा हात हळूच टेबलाखाली घेतला... दोन वर्षं ते दुपारी आडवे झाले की ती त्यांची वाकडी शिवण उसवायची आणि नव्याने शिवून ठेवायची. त्यासाठीच शिवणशाळेतली नोकरी तिने गुडघेदुखीचं निमित्त सांगून नाकारली होती. सासऱ्यांची, म्हणजे दुकानातल्या टेलरमास्तरांची, नजर पार अधू झाली होती. पण डोळे थकल्यावर त्यांची बोटं पाहायला लागतील, हे मात्र तिच्या लक्षातच आलं नव्हतं!

“म्हणजे दोन वर्षं लोकांनी केलेलं कौतुक...”

“कापणं तुमचं होतं, बाबा.”

“खरं सांग.”

“...तेही थोडं सरळ करावं लागायचं.” तिचे डोळे भरून आले. “तुमच्या हातातलं काम सुटलं असतं, तर तुम्ही खचला असता.”

ते उठून गेले. गेली कित्येक वर्षं रोज सकाळी अर्धा तास ध्यान करून ते गिऱ्हाइकांना सांगत, की जगात काहीच टिकत नाही, माणसाने सोडायला शिकावं. खिडकीजवळची स्वतःची खुर्ची मात्र त्यांनी एकदाही सोडली नव्हती.

सकाळी ती धास्तावल्या मनाने दुकानात आली. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. मास्तर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून चाचपडत कोटाला बटण लावत होते.

“बाबा, हे काय?”

“ध्यान,” ते म्हणाले. “काल रात्री पहिल्यांदाच लागलं. बस तिकडे. उजेड तुला हवा, मला त्याचा आता काय उपयोग?”

ती बसली. समोरचं कापड तिला कितीतरी वेळ दिसेचना...

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. “मास्तर, माझा सूट कधी?”

मास्तरांनी सवयीने ‘उद्या’ म्हणायला तोंड उघडलं, मिटलं आणि खिडकीकडे वळून विचारलं, “कधी द्यायचा?”

“गुरुवारी,” ती कशीबशी म्हणाली.

“गुरुवारी म्हणजे गुरुवारीच या,” त्यांनी गिऱ्हाइकाला बजावलं. “त्या शब्दाच्या पक्क्या आहेत. माझ्यासारख्या नाहीत.”