नंतरचे गुण

एकतिसाव्या रुग्णाचे गुण संगणकात भरून मंदाकिनी टेंभेकर हात मांडीवर ठेवून बसून राहिली. प्रयोगशाळेच्या काचेपलीकडे अनुनाद-कक्षाची सफाई चालली होती. डॉ. फिरोज मुल्ला तिच्या खुर्चीमागे उभे होते.

"बोला मॅडम. तुम्ही गप्प बसलात की मला धडकी भरते."

"परिणाम आहे," ती म्हणाली.

मुल्लांनी बारा वर्षं या वाक्याची वाट पाहिली होती. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला कक्षात बसवायचं, शेजारी त्याच्या घरचं एक माणूस, आणि निरोगी मेंदूतली एकत्र घालवलेल्या आयुष्याची आठवण कंपनांच्या रूपाने आजारी मेंदूत उमटवायची. कल्पना त्यांची होती, पण ती खरी की खोटी हे ठरवण्याचं काम संख्याशास्त्रज्ञ मंदाकिनीचं.

"इथे प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच आहे," ती म्हणाली. "उपचाराआधी शंभर प्रश्न, नंतर तेच शंभर. आपण मुद्दाम धरून चाललो की उपचाराचा काही उपयोग नाही. ही आपली शून्य परिकल्पना. ती खरी असती तर कुणाचे दोन गुण वाढले असते, कुणाचे तीन घटले असते, आणि सरासरी फरक शून्याच्या आसपास राहिला असता. इथे सरासरी चौदा गुणांची वाढ आहे. केवळ योगायोगाने असं होण्याची शक्यता दहा हजारांत एकसुद्धा नाही."

मुल्लांनी चष्मा काढून डोळे पुसले. मंदाकिनीला मात्र सकाळी ऐकलेलं एक वाक्य सोडत नव्हतं.

ते वाक्य दामोदर तांडेल यांचं होतं. दीपगृहावर तीस वर्षं रखवाली केलेला हा म्हातारा पहिल्यांदा आला तेव्हा स्वतःचं नाव विसरला होता. आठ बैठकांनंतर तो मुलीच्या शाळेच्या पहिल्या दिवसाबद्दल भरभरून बोलत होता. "दीपगृहाच्या पायऱ्या उतरताना शेवंतीने माझं बोट घट्ट धरलं होतं. मी वर बघितलं, तर माझी मिशी उन्हात चमकत होती."

"तुमची मिशी तुम्हाला कशी दिसली, काका?" मंदाकिनीने विचारलं होतं.

म्हातारा गोंधळला. "दिसली खरी. खालून."

आता तिने ते मुल्लांना सांगितलं. ते हसले. "आठवण मुलीची आहे, तिच्याच डोळ्यांनी दिसणार. नक्कल अगदी हुबेहूब उतरली, एवढाच अर्थ."

"नक्कलच आहे कशावरून?"

मुल्लांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"रुग्णाची उत्तरं तपासायला आपण नातेवाइकांकडून तेच शंभर प्रश्न आधी सोडवून घेतले होते," मंदाकिनी म्हणाली. "म्हणजे त्यांचे 'आधी'चे गुण आपल्याकडे आहेत. 'नंतर'चे कुणी विचारलेच नाहीत."

पुढच्या तीन आठवड्यांत एकतीस नातेवाइकांना बोलावून तेच प्रश्न पुन्हा विचारले गेले. रुग्णांचे गुण सरासरी चौदाने वाढले होते. नातेवाइकांचे चौदाने घटले होते. प्रत्येक जोडीत एकाला मिळालेलं दुसऱ्याच्या वजाबाकीएवढंच भरत होतं. तांडेलांच्या जोडीतला आकडा सर्वांत मोठा होता. एकसष्ट.

मुल्लांनी तक्ता दोनदा वाचला. "आठवणीचा ठसा वाचताना तो मोडतो," ते हळूच म्हणाले. "मी नक्कल करत नव्हतो. उचलून दुसरीकडे ठेवत होतो."

"त्यांच्या लक्षात कसं आलं नाही?"

"काय गेलं हे कळायला ते आठवायला लागतं, मॅडम."

दुसऱ्या दिवशी तांडेल आणि शेवंती दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. चाळिशीतली, शाळेत शिकवणारी शेवंती शांतपणे ऐकत होती. पहिल्या दिवशी हीच बाई बापाचा शर्ट नीट करत, "दादा, तू घाबरू नको, मी आहे ना," असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. आज ती मधे एक खुर्ची सोडून बसली होती.

म्हाताऱ्याला सगळं समजलं. त्याचं डोकं आता लख्ख होतं. "उलटं करता येतं?"

"येतं," मुल्ला म्हणाले. "पण तुम्ही पहिल्यासारखे व्हाल. त्याहूनही थोडे मागे, कारण दरम्यान आजार वाढला आहे."

"मग करा. माझं होऊन गेलं. तिचं अजून आहे."

मुल्लांनी शेवंतीकडे पाहिलं. "तुमचीही संमती लागेल."

मंदाकिनीला वाटलं होतं, ती रडेल, भांडेल, नाही म्हणेल. शेवंतीने वडिलांकडे आदराने पाहिलं आणि म्हणाली, "दादा, तुमची तशी इच्छा असेल तर माझी हरकत नाही."

'तुमची' हा शब्द ऐकून म्हाताऱ्याने मान खाली घातली. मग नीट अक्षरात सही केली.

उलट्या बैठकांना पंधरा दिवस लागले. शेवटच्या दिवशी दोघांना एकाच वेळी बाहेर आणलं. शेवंती दोन पावलं चालली आणि भिंतीला धरून खाली बसली. मग उठून ती मुल्लांवर धावली.

"मला विचारलंत कशाला? मी 'हो' म्हटलं तेव्हा माझ्याकडे होतं काय? आईच्या आजारपणात हा माणूस सहा महिने माझ्या वेण्या घालायचा, हे मला ठाऊकच नव्हतं तेव्हा! आत्ता विचारा. आता मी नाही म्हणते! पुन्हा बसवा मला आत!"

मंदाकिनीच्या हातात दोघांच्या संमतीचे कागद होते. नियमांप्रमाणे दोन्ही बिनचूक होते. एक सही सगळं आठवणाऱ्याची होती आणि दुसरी विसरलेल्या बाईची, आणि बैठका दोन्ही सह्या सारख्याच मानून झाल्या होत्या. आता पुन्हा आत बसवलं तर पंधरा दिवसांनी हाच म्हातारा पुन्हा हेच मागणार, आणि ही पुन्हा हरकत नाही म्हणणार.

मुल्लांनी यंत्राचा मुख्य खटका खाली ओढला. काचेपलीकडचा दिवा गेला.

बाकावर बसलेले दामोदर तांडेल मघापासून त्या रडणाऱ्या अनोळखी बाईकडे पाहत होते. ते सावकाश उठले, तिच्याजवळ गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नको गं बाय," ते म्हणाले. "कोण गेलं तुझं?"

शेवंतीने पदराने तोंड पुसलं.

"कोणी नाही, दादा," ती म्हणाली. "तू बस."