उसनी पोरं

दिवा जरा मोठा करा, मग सांगतो. त्या सकाळी मी टेम्पो घेऊन शेजारच्या गावी गेलो होतो, पोरं उसनी आणायला. हसू नका. आमच्या गावातल्या ऐपतवाल्यांची मुलं गाडीनं शहरातल्या शाळेत जातात. माझ्याकडे उरतात ती बोटांवर मोजण्याएवढी. पट कमी दिसला की साहेब शाळेला कुलूप लावतात. मग या उरलेल्यांनी जायचं कुठे? म्हणून शेजारचे मास्तर आणि मी तपासणीच्या दिवशी एकमेकांचे वर्ग भरून देतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

टेम्पोतच मी पोरांना पढवलं, साहेबांनी विचारलं तर याच गावचे म्हणायचं. त्यांनी ते कवितेसारखं पाठ म्हणून दाखवलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

साहेब आले. मागच्या बाकावर एक मुलगी बसली होती, फ्रॉकची कड ओली. वर्गात बुजवलेल्या विहिरीसारखा वास येत होता. साहेबांच्या प्रश्नाला बाकीची पोरं अडखळली, ती नाही. "याच गावची," ती म्हणाली. साहेब खूश झाले. शाळा चालू राहील, असं सांगूनच गेले.

दुपारी टेम्पो परत गेला. सगळी पोचली, असा मास्तरांचा फोनही आला. मी वळून पाहिलं तर ती मुलगी अजून बाकावरच...

"तू कुणाची गं?"

"याच गावची," ती म्हणाली, आणि टिकलीच्या घराच्या वाटेला लागली. टिकली म्हणजे माझी सगळ्यात चुणचुणीत विद्यार्थिनी. एवढीशी, म्हणून टिकली. असेल त्यांची कुणी पाहुणी, मी मनाशी म्हटलं. वेळ मारून नेण्यात माझा हात कोण धरणार?

दुसऱ्या दिवशी शाळा भरली तरी टिकली दाराबाहेरच उभी. तिच्या जागेवर ती ओल्या फ्रॉकची मुलगी बसली होती.

"आई मला घरात घेत नाही, गुरुजी."

मी टिकलीचा हात धरून तिच्या घरी गेलो. तिच्या आईनं आम्हा दोघांना पाणी दिलं. मग हळूच म्हणाली, "कालची सगळी पोरं परत गेली नाहीत वाटतं? ही रात्रभर आमच्या पायरीवर होती. हिची आई काळजीत असेल हो."

"अहो, ही तुमची टिकली."

"आमची टिकली केव्हाच शाळेत गेली..."

ती मस्करी करत नव्हती. टिकली रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. ओरडून गाव गोळा करायला हवं होतं, साहेबांना बोलवायला हवं होतं. पण त्यांना सांगणार काय? पोरं उसनी होती हे कळलं की शाळेला कुलूप. मी मान खाली घातली. जनाची नाही, तर मनाची तरी वाटायला हवी होती.

तेवढ्यात मास्तरांचा फोन आला. आवाज दबलेला. काल मोजताना चूक झाली, एक मुलगी तुमच्याकडेच राहिली, तिची आई इथे दारात बसून आहे, म्हणाले.

"कोणती मुलगी?"

"एवढीशी आहे बघा... टिकली म्हणतात तिला."

तिला टेम्पोत मीच बसवलं. ती वाकून हळूच म्हणाली, "गुरुजी, तिकडे कुणी विचारलं तर... कुठल्या गावची सांगू?"

मी टेम्पोचं फळकं वर करून कडी लावली.

शाळा चालू आहे. ती ओल्या फ्रॉकची मुलगी रोज सगळ्यांच्या आधी येते, कधी खाडा नाही. परवा पुन्हा तपासणी आहे. टेम्पोत टिकलीही असेल, आणि याच गावची म्हण, असं मला तिलाही पढवावं लागेल. आज वर्गाला कुलूप लावताना मात्र पाहिलं... त्या मुलीच्या बाकावर तिच्या शेजारची जागाही ओली होती.