भंडारदऱ्याची प्रदक्षिणा

उशी उचलली, आणि खाली बोरमाळ नव्हती.

मुक्ताबाईंनी उशी झटकली, चादर झटकली, गादी उलटी केली. मग त्या पलंगावर बसल्या. बोलायचं काम त्यांच्या मुलानं हाती घेतलं.

"हिनंच घेतली," तुषार म्हणाला.

ही म्हणजे चांगुणाबाई. शेंडी गावातल्या आपल्या घराच्या दोन खोल्या त्या पर्यटकांना देत, वर पिठलं-भाकरी करून घालत. या क्षणी त्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"पोलिसांना बोलावतो," तुषार म्हणाला, "आणि नेटवर एक स्टार देतो. बघू पुन्हा कोण येतं इथे."

चांगुणाबाईंनी ट्रे खाली ठेवला. पोलीस येतात आणि जातात. एक स्टार कायम राहतो. आणि या खोल्यांवरच त्यांचं घर चाललं होतं.

फौजदार राजनंदिनी शेळके आल्या तेव्हा उजेड होता. त्यांनी कुणाचाही नमस्कार घेतला नाही.

"खोलीला कुलूप होतं?"

"न्हाई," मुक्ताबाई म्हणाल्या.

"कडी?"

"न्हाई. आमी शिंगणापूरचे."

या जिल्ह्यात एवढं उत्तर पुरतं. शनिशिंगणापुरात घराला दार लावायची पद्धत नाही. देव बघून घेतो. मुक्ताबाईंनी उभ्या जन्मात कुलूप लावलं नव्हतं. तुषार पुण्यात राही. त्याच्या फ्लॅटला तीन कुलपं होती आणि वर कॅमेरा. देवावर उगाच भार नको.

"सोनं खोलीत ठेवून का गेलात?"

"पूजा म्हनली, घाटघरला माकडं लई हायेत. गळ्याला झोंबत्यात."

"काळजीपोटी म्हणाले," तुषारची बायको पूजा म्हणाली.

"उशीखाली ठेवल्याचं कुणाला माहीत होतं?"

"घरच्यांनाच."

"आणि झाडून काढणारीला," तुषार म्हणाला.

"मी येरवाळीच खाचरात भात कापाय गेल्ते," चांगुणाबाई म्हणाल्या. "घर उघडंच हुतं. मघाशी आले."

"बघितलं कुणी?"

"बगळे हुते. बोलवा त्यास्नी."

शेळकेंना उत्तर आवडलं, पण तसं दाखवायची त्यांच्या खात्यात पद्धत नव्हती.

"सहलीला बोरमाळ आणलीच कशाला?"

यावर माधुरी बोलली. ती तुषारची थोरली बहीण. नवऱ्याचं घर सोडून आईजवळ राही आणि आईची दुखणी काढी. "देवदर्शन करून आल्यावर आई ती माझ्या गळ्यात घालणार होती. सकाळी तसं बोलली, आणि चहाबरोबर भांडण सुरू झालं."

"ताईनं आईला फितवलंय!"

"आईचे पाय चेपायला ये ना मग. कोण अडवतंय?"

"नंतर भांडा," शेळके म्हणाल्या. "दिवसभर कोण कुठे होतं?"

"धरणाला फेरी मारायला," तुषार म्हणाला. "भंडारदऱ्याला येऊन माणूस दुसरं काय करणार? ताईशेजारी बसायचं नव्हतं, म्हणून आई आणि ती भाड्याच्या जीपमधून पुढे गेल्या. आम्ही आमच्या गाडीनं मागून. घाटघर, साम्रद, रतनवाडी, परत इथे. अख्खी फेरी केली. थांबलो कमी, म्हणून आधी पोहोचलो."

"एवढं सुंदर होतं!" पूजा म्हणाली. "मी पुढे, यांच्या शेजारी. दिवसभर माझ्या खिडकीत पाणीच पाणी. यांच्या वाट्याला नुसते डोंगर."

"फोटो काढले असतील."

"फोनला चार्जिंग नव्हतं."

"दोघांच्याही?"

"दोघांच्याही."

शेळके अंगणात गेल्या. जीपचा ड्रायव्हर बजरंग बोनेटला टेकून उभा होता. आपल्यावर काय येणार, याचा अंदाज घेत होता.

"रस्त्यात कोण भेटलं?"

"साम्रदच्या अलीकडं समोरनं एसटी आली. रस्ता हाय केवढा! एकाला मातीत उतरावं लागतं. मी जीप मागं घेतली, वर त्यानंच शिव्या दिल्या. बाकी समोरनं कुत्रंबी आलं न्हाई."

"जीप सोडून कुठे गेला होतास?"

"कुठं न्हाई. देवळापाशी रस्त्याच्या कडंला गाडी लावली, भाकरबी शीटवरच खाल्ली."

"आणि या साहेबांची गाडी?"

"आरशात तर दिसली न्हाई. आसंल लांब मागं."

"सुरुवात घाटघरपासून केलीस ना?"

"रोज तसंच करतो. आज आजींनी धरणापाशी गाडी थांबवली. म्हनल्या, अमृतेश्वराला निघालोय, पानी उजव्या हाताला पायजे. प्रदक्षिना कुनी उलटी घालतं का? मग आधी रतनवाडी, घाटघर शेवटाला."

शेळकेंनी सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"आजींनी देवासाठी दिशा बदलली," त्या म्हणाल्या. "ती वाटेत, धरणापाशी बदलली. त्यामुळे मागे राहिलेल्यांना कळलं नाही. पाणी दिवसभर जीपच्या उजव्या बाजूला होतं. आता पूजाताई, तुम्ही कुठे बसला होतात?"

"सांगितलं ना. यांच्या शेजारी."

"गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी, म्हणजे डाव्या बाजूला. आणि पाणी तुमच्या खिडकीत. मग तुमची गाडी जीपच्या मागे नव्हती, उलट्या दिशेनं चालली होती."

"मग?" तुषार म्हणाला. "आम्ही घाटघर आधी केलं. गुन्हा आहे?"

"नाही. पण रस्ता गोल आहे. एक गाडी इकडून निघाली, दुसरी तिकडून, तर कुठेतरी समोरासमोर येतातच. आणि इथे समोरासमोर आलं की एकाला मातीत उतरावं लागतं. जीपला एसटी भेटली. तुम्ही भेटला नाहीत. कारण तुम्ही फेरीला गेलाच नाहीत. तुम्हाला माहीत असलेली फेरी तुम्ही सांगितलीत. माकडांची भीती घालून सोनं खोलीत ठेवायला लावलंत, घर रिकामं व्हायची वाट बघितलीत. आळ घ्यायला चांगुणाबाई होत्याच. गाडीची किल्ली द्या."

"वॉरंट आहे?"

"तुषार," मुक्ताबाई म्हणाल्या, "किल्ली दे."

तुषारनं खिशावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"स्टेपनीखाली आहे," पूजा म्हणाली. "मी आधीच म्हणत होते, इथे नको, घरी गेल्यावर बघू."

तुषारनं तिच्याकडे असं बघितलं, की पुण्यापर्यंतचा रस्ता आता गप्पागोष्टींत जाणार नव्हता. बजरंगनं त्याच्या खिशातून किल्ली काढून घेतली आणि डिकी उघडली. बोरमाळ पूजाच्या रुमालात गुंडाळलेली होती.

मुक्ताबाईंनी ती माधुरीच्या गळ्यात घातली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"साहेब," शेळके म्हणाल्या, "ते स्टार द्यायचे होते ना? पाच द्या. माझ्यासमोर. फोनला चार्जिंग आहे?"

"आहे," तुषार म्हणाला.

त्यानं दिले. चांगुणाबाईंनी मोबाईल हातात घेऊन स्वतः मोजले.

"आजी, मुलावर तक्रार लिहून घेऊ?"

मुक्ताबाईंनी तुषारकडे बघितलं. तो रात्री शेजारच्याच खोलीत झोपणार होता.

"चांगुणाबाई," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं कुलूप हाय का?"

"एक हाय. कोंबड्यांच्या खुराड्याला. मुंगूस येतं म्हून."

"द्या तेच," मुक्ताबाई म्हणाल्या. "आन् ते लावत्यात कसं, तेबी दावा."