हे टाळा, हे लिहा

वडिलांनी तिचं नाव लहानपणीच टकळी पाडलं होतं, कारण एकदा बोलायला लागली की थांबायचं म्हणून नाव नाही. पुढे त्याच बोलण्यावर तिचं पोट चाललं. कंपन्यांना स्वतःबद्दल चार ओळी धड लिहिता येत नाहीत. त्या ती लिहून द्यायची. वडील, म्हणजे अण्णा, जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत आलेले. निवृत्त झाले तरी लाल पेन खिशाला असायचंच. औषधाच्या बाटलीवरची चुकलेली वेलांटीसुद्धा दुरुस्त केल्याशिवाय ते गोळी घ्यायचे नाहीत. घरात ही दोघंच. पुढच्या दाराला लागून स्वयंपाकघर, मध्ये तिची खोली, सगळ्यात मागे अण्णांची.

खिडक्या बनवणाऱ्या त्या कंपनीचं काम आलं तेव्हा त्यात वेगळं असं काही नव्हतं. विक्रीवाल्यांची पत्रं लाडीगोडीची, वकिलांची वाचूनच घाम फुटावा अशी, आणि तक्रार विभागातला जाडा कारकून तर मनाला येईल ते लिहायचा. संचालक बाईंना हे कडबोळं मोडायचं होतं.

"पत्र कुणीही लिहू दे," त्या म्हणाल्या, "एकच माणूस बोलतोय असं वाटलं पाहिजे. कोणता शब्द वापरायचा, कोणता नाही, याची पुस्तिका करून द्या. तीन आठवडे पुरतील?"

"भरपूर झाले."

कागद बाहेर न्यायची परवानगी नव्हती, म्हणून तक्रार विभागाला लागून एक खोली मिळाली. टेबल, कपाटभर जुनी पत्रं, आणि एका भिंतीला वरपासून खालपर्यंत काच. पहिला आठवडा ती नुसती वाचत होती. कारकुनाचं एक पत्र वाचून ती मोठ्यानं हसली. 'साहेब, खिडकी अडकली यात तुमच्या नशिबाचा दोष नाही, आमच्या बिजागरीचा आहे. उद्या माणूस पाठवतो.'

"हे बाईंना दाखवू नका," कारकून दारातून म्हणाला. "इथे चमचे काही कमी नाहीत. लगेच वर पोहोचेल."

पत्र झकास होतं, पण काम ते काम. तिनं कागदावर दोन रकाने आखले. डावीकडे 'हे टाळा', उजवीकडे 'हे लिहा'. खिडकी 'अडकली' लिहायचं नाही, 'विसावली' लिहायचं. 'बंद'ऐवजी 'शांत'. काच 'फोडली' नव्हे, 'मोकळी केली'. आणि बाईंनी आधीच बजावलं होतं तसा, सगळ्यात खाली, 'नाही' हा शब्द. तो ग्राहकाला बोचतो. त्याच्याऐवजी काहीही चालेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारकून डब्याच्या झाकणाशी झटापट करत बसला होता.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"झाकण विसावलंय," तो म्हणाला.

ती हसली. तो हसला नाही. त्यानं झाकणाकडे पाहिलं, ओठ हलवले, आणि पुन्हा म्हणाला, "विसावलंय."

तो कागद अजून तिच्या खणात होता. तिनं तो कुणालाही दाखवला नव्हता. खणाला कुलूप होतं, किल्ली तिच्या पर्समध्ये. दुसरी किल्ली असेल, डोकावला असेल, चेष्टा करत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण मन मानेना. मग तिनं एक गंमत केली. कागदाच्या तळाशी लिहिलं: टाळा 'चमचा', लिहा 'मदतनीस'. खिडक्यांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

सकाळी चहाच्या वेळी, तिच्या देखतच, स्वागतकक्षातली मुलगी साखरेचा डबा पुढे करत कारकुनाला म्हणाली, "मदतनीस आतच आहे."

"मदतनीस ओला आहे गं," तो म्हणाला.

टकळी तडक आपल्या खोलीत आली आणि तिनं ती ओळ गिचमिड करून खोडली. मग कागदाचे तुकडे केले. परत बाहेर येऊन तिनं साखरेच्या डब्यातली ती वस्तू कारकुनासमोर धरली. "याला काय म्हणतात हो?"

कारकुनाच्या कपाळावर घाम आला. त्यानं ती वस्तू हातात घेऊन उलटसुलट केली.

"मदतनीस," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "अजून एक शब्द होता ना?"

तिनं तो सांगायला तोंड उघडलं. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसं झालं. जागा होती. शब्द नव्हता.

त्या दिवशी घरी आल्यावर ती म्हणाली, "अण्णा, दार शांत करा, वारा येतोय."

"शांत करा?" अण्णा चष्म्यावरून बघत म्हणाले. "रडतंय का ते?"

तिला आधी हसू आलं, मग रडू. सांगावं कसं, तेच कळेना. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "टकळे, तोंडाला विश्रांती दे. सोडून दे ते काम. अशी पायलीची पन्नास मिळतील."

सकाळी ती बाईंसमोर उभी राहिली. वाक्य तिनं रस्ताभर घोकलं होतं.

"मला हे काम पुढे करायचं..." एवढं म्हणून ती अडली. पुढचा शब्द येईना. तिनं दुसरीकडून प्रयत्न केला. सोडायचंय, थांबवायचंय. हे शब्द तर तिनं कधी लिहिलेच नव्हते. तरी तेही गेलेले.

बाई वाट बघत होत्या. चेहऱ्यावर घाई नव्हती.

"मला हे काम पुढे करायचंय," ती म्हणाली.

"आम्हालाही तेच वाटलं," बाई म्हणाल्या. "तुमची खोली आता तुमचीच."

तिनं कागद ओढून राजीनामा लिहायला घेतला. हातानं सुबक अक्षरात आभार मानले.

घरी बसून राहावं, जाऊच नये, असं तिनं दोनदा ठरवलं. पण अण्णांनी "आज गेली नाहीस?" असं विचारलं की उत्तर देता यायचं नाही, आणि पर्स उचलण्याखेरीज काही सुचायचं नाही. आठवडाभरात ती घरी फक्त मान डोलावून बोलू लागली. अण्णांना वाटलं, पोरीचा घसा बसलाय. ते काढा उकळू लागले.

त्या मंगळवारी अकराच्या सुमारास तिचा फोन वाजला.

"टकळे," अण्णा खोकत म्हणाले, "काढा गॅसवर विसरलो. स्वयंपाकघर पेटलंय. पुढच्या दारापर्यंत जाता येत नाही. मी मागच्या खोलीत आहे, आणि ही खिडकी अडकलीये. मूठच फिरत नाही. काय करू?"

दोन शब्दांचं उत्तर होतं. पाच वर्षांच्या पोरानंही दिलं असतं.

"खिडकी विसावली आहे," तिच्या तोंडून आलं. "आपण निश्चिंत असा."

"काय?"

"आपल्या खिडकीला थोडा वेळ द्या."

अण्णा खोकत होते. तिनं धावत जाऊन फोन कारकुनाच्या कानाला लावला, काचेकडे बोट केलं, मूठ आपटून दाखवली. त्याला कळलं. त्याचे डोळे भरून आले.

"साहेब," तो फोनमध्ये म्हणाला, "आपली काळजी आमच्यापर्यंत पोहोचली आहे."

तिनं फोन हिसकावला आणि आपल्या खोलीत पळाली. धुरानं अण्णांचा आवाज बारीक झाला होता. "पोरी, तूच आहेस ना?"

कपाटाशी नमुन्याची लोखंडी चौकट पडली होती.

तिनं फोन चालूच टेबलावर ठेवला.

चौकट दोन्ही हातांनी उचलली.

आणि खोलीच्या काचेवर घातली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा काच वरपासून खाली कोसळली, आणि तो खळखळाट संपेपर्यंत ती श्वास रोखून उभी राहिली.

तिनं फोन उचलून कानाला लावला.

"कळलं," अण्णा म्हणाले. मग दूरवर लाकूड आपटल्याचा आवाज, आणि काच.

ती पोहोचली तेव्हा अण्णा शेजाऱ्यांच्या ओट्यावर घोंगडी पांघरून बसले होते. मनगटाला पट्टी, मिशीला काजळी. तिनं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. ते तिला थोपटत राहिले. वर्दीतला अग्निशामक दलाचा माणूस समोर उकिडवा बसून पंचनामा लिहीत होता. अंगानं दणकट, बोलायला साधा. त्या कंपनीचं नावही त्यानं कधी ऐकलं नसावं.

"म्हणजे आजोबा, तुम्ही मागच्या खोलीत होता, आणि खिडकी..." त्याचं पेन थांबलं. त्यानं कपाळ चोळलं, ओठ हलवले. "आणि खिडकी विसावली होती," असं म्हणत त्यानं तसंच लिहिलं.

अण्णांचं बोट लगेच वर झालं. चुकीचा शब्द दिसला की ते असंच वर व्हायचं. ते पुढे वाकले. बरोबर शब्द सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

बोट तसंच हवेत राहिलं. तिनं मान वर करून त्यांच्या ओठांकडे पाहिलं.

मग त्यांनी बोट हळूहळू खाली घेतलं.

"हो," अण्णा म्हणाले. "बरोबर आहे."